लहानग्यांच्या मेंदूतली गाठ आणि आपली वर्गणी

(गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या गणेशोत्सवात जसोंडी येथे झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते मध्य प्रदेश शासनाच्या पाणीपुरवठा खात्यात उपयंत्री आहेत.)



दरवर्षी या मंडपात मी मागे उभं राहून माइकची वायर आणि जनरेटर बघतो. यंदा मंडळाने मला पुढे उभं केलं, याबद्दल आभार. 'आरोग्याविषयी काहीतरी बोला' एवढंच अध्यक्षांनी सांगितलं होतं. मी डॉक्टर नाही. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि वीस वर्षं बोअर, पाइपलाइन, टाक्या हेच काम करतो आहे. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते मामा म्हणून जे सोसलं आणि त्यानंतर वाचून, डॉक्टरांना विचारून जे समजलं, तेवढंच आहे.

बाप्पाची गोष्ट आपण सगळे जाणतो. लेकराचं मस्तक गेलं, पार्वतीमातेने आकांत केला, आणि शंकराला दुसरं मस्तक आणून बसवावं लागलं. देवाला ते जमलं. माणसाच्या लेकराला दुसरं डोकं मिळत नाही. आहे तेच वाचवावं लागतं, आणि वाचवताना त्यातली बुद्धी, दृष्टी, चाल जितकी राखता येईल तितकी राखावी लागते. आजचा माझा विषय हाच आहे. लहान मुलांच्या मेंदूतल्या गाठी, त्यांचे उपचार, आणि ते उपचार अधिक चांगले व्हावेत म्हणून लागणारा पैसा.

२०१२ सालची गोष्ट. माझी भाची तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. सकाळी उठली की तिचं डोकं दुखायचं, मग उलटी व्हायची, आणि उलटी झाली की बरं वाटायचं. दहा वाजेपर्यंत मुलगी खेळायला मोकळी. आम्ही आधी पित्त म्हटलं. मग जंताचं औषध झालं. आजीने दृष्ट काढली. एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात गेलो, चष्म्याचा नंबरही तपासून झाला. तीन महिने असे गेले. आणि मी, तिचा सख्खा मामा, एके दिवशी ताईला म्हणालो, "शाळा चुकवायला नाटकं करते ती, लाड कमी करा." पुढच्याच आठवड्यात ती अंगणात चालताना झोकांड्या खाऊ लागली. तेव्हा स्कॅन झाला आणि लहान मेंदूत लिंबाएवढी गाठ दिसली. ते वाक्य माझ्या तोंडून गेलं होतं, ते मला आजही परत घेता येत नाही.

म्हणून आधी एक कामाची गोष्ट सांगतो, म्हणजे भाषण विसरलात तरी ती घरी जाईल. मूल आठवड्यांमागून आठवडे सकाळच्या वेळी डोकं दुखतं म्हणत असेल, वरचेवर उलट्या होत असतील, चालताना तोल जात असेल, एकाएकी तिरळं बघू लागलं असेल, मान एका बाजूला कलती ठेवत असेल, किंवा तान्ह्या बाळाचं डोकं झपाट्याने वाढत असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "मेंदूचा स्कॅन करायला हवा का?" बहुतेक वेळा काही निघणार नाही, आणि आनंदच आहे. पण विचारा. ब्रिटनमध्ये २०११ पासून 'हेडस्मार्ट' नावाची मोहीम चालली. ही लक्षणं एका छोट्या कार्डावर छापून पालकांना, शाळांना आणि डॉक्टरांना वाटली. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत आधी साधारण चौदा आठवडे लागत, ते सातच्या आत आले. यासाठी कोणतं नवं यंत्र लागलं नाही. पण नेमकी कोणती लक्षणं छापायची हे ठरवायला आधी संशोधन करावं लागलं होतं, हे लक्षात ठेवा.

आता पुढचं. आपल्या बऱ्हाणपूरहून मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर. रात्री गाडीत बसलं की सकाळी दादर. तिथून परळ. कर्करोग म्हटला की खानदेश-निमाडातल्या माणसाचे पाय तिकडेच वळतात. ते टाटा रुग्णालय कसं उभं राहिलं ते थोडक्यात सांगतो. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या नावाने १९३२ साली एक ट्रस्ट निघाला, तो रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी. दवाखाना त्यानंतर आला, १९४१ साली. पुढे तो केंद्र सरकारकडे आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे गेला. म्हणजे क्रम बघा. दुःख एका घरातलं होतं, पण त्या घराने पहिला पैसा दिला तो 'हा रोग मुळात काय आहे' या प्रश्नाला.

त्या प्रश्नाचं पुढे काय झालं? १९४० च्या दशकात रक्ताचा कर्करोग झालेलं मूल काही आठवड्यांचं किंवा महिन्यांचं सोबती समजलं जाई. आपल्या आंध्रातून अमेरिकेला गेलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत एक औषध तयार झालं. बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ते सोळा मुलांना दिलं, त्यातल्या दहांचा आजार काही काळ मागे हटला. ही गोष्ट १९४८ ची. मुलं तेव्हा वाचली नाहीत, पण वाट सापडली. त्याच वर्षी अमेरिकेत रेडिओवरून आवाहन झालं आणि सामान्य लोकांनी फार्बर यांच्या कामासाठी वर्गणी पाठवली. आज सधन देशांत त्या प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगातून दहापैकी जवळजवळ नऊ मुलं बरी होतात.

मुलांच्या कर्करोगात रक्ताच्या कर्करोगानंतर दुसरा क्रमांक मेंदूच्या गाठींचा. तिथे मात्र एवढी मजल गेलेली नाही. कारणं समजून घ्या. पहिलं, मेंदूच्या रक्तवाहिन्यांची बांधणी अशी घट्ट असते की रक्तातलं बरंचसं औषध आत झिरपतच नाही. दुसरं, शस्त्रक्रियेला जागा नसते. शेजारीच श्वासाचं, गिळण्याचं, डोळ्यांचं केंद्र. तिसरं, रेडिएशन. आपल्याकडे लोक त्याला 'शेक' म्हणतात, इथले हिंदी भाषक 'सिकाई' म्हणतात. तो शेक गाठ मारतो, पण वाढत्या मेंदूलाही लागतो. आणि चौथं, 'मेंदूची गाठ' हा एक आजार नाहीच. डझनावारी वेगवेगळे आजार आहेत आणि प्रत्येकाचे रोगी थोडे.

माझ्या भाचीला जी गाठ होती तिला मेड्युलोब्लास्टोमा म्हणतात. ऑपरेशन झालं, मग पूर्ण डोक्याला आणि पाठीच्या कण्याला शेक, मग वर्षभर केमो. ती वाचली. आज वीस वर्षांची आहे. देवाची कृपा, डॉक्टरांची कृपा. पण हिशेब पुरा सांगतो. तिची उंची धाकट्या बहिणीच्या खांद्याला लागते. थायरॉइडची गोळी रोज आणि कायमची. दुसरीत असताना पाढे घडाघडा म्हणणारी मुलगी, नंतर बेरजेला बोटं मोजू लागली. बारावी तिसऱ्या खेपेला सुटली. आता ती शिवणकाम करते, हात सुबक आहे. पण प्रत्येक माप तीनदा लिहून घेते, कारण पहिल्यांदा लिहिलेल्यावर तिचा स्वतःचाच विश्वास नसतो. एकदा तिने मला विचारलं, "मामा, तो शेक जरा कमी दिला असता तर मी वाचले नसते का?" मला उत्तर देता आलं नाही.

हाच प्रश्न डॉक्टरांनाही पडलेला आहे, आणि त्याचं उत्तर अंदाजाने देता येत नाही. बोअर मारण्याआधी आम्ही भूजलाचा सर्व्हे करतो. त्यात पाण्याचा एक थेंब मिळत नाही, म्हणून लोकांना तो खर्च वायफळ वाटतो. सर्व्हे न करता मारलेले कोरडे बोअर किती, हे मात्र कोणी मोजत नाही. आपल्याच शहराचा कुंडी भंडारा घ्या. सन १६१५ च्या सुमाराला खानखानाच्या काळात सातपुड्याकडून जमिनीखालून येणारं पाणी आधी कोणीतरी शोधलं, मग शंभरावर कुंड्या खोदल्या गेल्या. पाणी चारशे वर्षं दिसलं. आधीचा शोध कोणाला दिसला नाही.

शोध म्हणजे नेमकं काय, याची चार उदाहरणं देतो. सगळी मुंबईचीच आहेत.

पहिलं. टाटा रुग्णालयात डॉ. राकेश जलाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात सौम्य आणि मंद वाढणाऱ्या गाठींच्या दोनशे रुग्णांवर एक अभ्यास केला. वयं तीन ते पंचवीस. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला नेहमीचा शेक, दुसऱ्याला गाठीच्या आकाराबरहुकूम, काटेकोर आखून दिलेला शेक. मग पाच वर्षं त्यांची बुद्धी आणि हार्मोन तपासत राहिले. जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच राहिलं. पण काटेकोर शेकाच्या गटात बुद्ध्यांक अधिक चांगला राहिला. हार्मोनचा नवा बिघाड नेहमीच्या शेकात एक्कावन्न टक्क्यांना झाला, काटेकोर शेकात एकतीस टक्क्यांना. २०१७ साली हा निष्कर्ष अमेरिकेच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. विचार करा, सुरुवातीपासून छापून येईपर्यंत सोळा वर्षं. यातून कोणतं औषध निघालं नाही, कोणत्या कंपनीला फायदा झाला नाही. फायदा झाला तो मुलांचा. आणि हे घडलं कारण त्या रुग्णांची घरची माणसं बरं झाल्यानंतरही वर्षानुवर्षं तपासणीला येत राहिली. त्यांनी एक रुपया दिला नसेल, तरी ते मोठं दान होतं.

दुसरं. मेड्युलोब्लास्टोमाचे आत चार मुख्य प्रकार आहेत हे २०१२ च्या सुमारास जगभरात मान्य झालं. एका प्रकारातली मुलं फार चांगली बरी होतात, दुसऱ्यातली अवघड असतात. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या गाठी साधारण सारख्याच दिसतात, आणि जनुकांची तपासणी महागडी. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा केंद्राच्याच संशोधन संस्थेत डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने बारा जनुकं आणि नऊ सूक्ष्म आरएनए यांच्यावर बेतलेली एक चाचणी तयार केली. दवाखान्यात मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावरही ती चालते. २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. आपल्यासारख्या देशाला हेच हवं, की मुलाची गाठ कोणत्या जातीची ते परवडेल अशा रीतीने आधी कळावं.

तिसरं उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात अपयश आहे. चांगल्या बऱ्या होणाऱ्या त्या प्रकारात पाठीच्या कण्याचा आणि सगळ्या डोक्याचा शेक वगळून फक्त गाठीच्या जागेला दिला तर? माझ्या भाचीचाच प्रश्न. टाटामध्ये डॉ. तेजपाल गुप्ता यांच्या गटाने पालकांच्या संमतीने, अगदी थोड्या मुलांवर हे करून पाहिलं. काही मुलांमध्ये आजार शेक न दिलेल्या जागी परत आला. डॉक्टरांनी अभ्यास तिथेच थांबवला आणि ते लपवून न ठेवता प्रसिद्ध केलं. मग पुढचा अभ्यास आखला, की शेक पूर्ण वगळायचा नाही, मात्रा कमी करायची. ते वाचलं त्या रात्री मी भाचीला सांगितलं, "बाळा, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. मुळीच दिला नसता तर धोका होता. थोडा कमी चालला असता का, ते शोधताहेत." ती म्हणाली, "म्हणजे पुढच्या मुलीला कमी देतील?" स्वतःचं तिने काहीच विचारलं नाही.

चौथं, प्रोटॉन. नेहमीचे किरण गाठीतून आरपार जातात आणि पलीकडच्या निरोगी भागालाही भाजतात. प्रोटॉनचा झोत ठरवलेल्या खोलीवर जाऊन थांबतो. वाढत्या मुलांसाठी हा फरक मोठा. आपल्या देशात ही सोय आधी २०१९ साली चेन्नईला एका खाजगी रुग्णालयात आली, आणि २०२३ पासून खारघरला सरकारी पैशातून उभारलेल्या केंद्रात सुरू झाली. यंत्र आलं, पण कोणत्या मुलाला त्याचा खरोखर उपयोग आणि कोणाला साध्या यंत्रावरही तेवढंच भागतं, हे पुन्हा अभ्यासानेच कळणार.

आणि काही गाठी अशा आहेत जिथे अजून हात टेकावे लागतात. मेंदूच्या देठात पसरणारी एक गाठ असते. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग, त्यांची दोन वर्षांची मुलगी १९६२ साली मेंदूच्या देठातल्या गाठीने गेली. तिला शेक दिला होता. सात वर्षांनी बाप चंद्रावर उतरला. त्या पसरणाऱ्या गाठीला आजही मुख्य उपचार शेकच आहे. आत्ता याच ऑगस्टमध्ये अमेरिकेत अशा जातीच्या, उपचारानंतर पुन्हा वाढलेल्या गाठींसाठी पहिल्यांदा एका गोळीला मंजुरी मिळाली. तीसुद्धा साधारण पाचातल्या एकाची गाठ लहान करते. साठ वर्षांनी एवढंच. पण शून्यापेक्षा ते निराळं आहे.

मग हा पैसा येतो कुठून? औषध कंपन्या जिथे रोगी लाखोंनी आहेत तिथे जातात, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. पाच-पन्नास मुलांच्या आजारावर कोण कारखाना काढेल? म्हणून तो भार सरकारवर आणि समाजावर. सरकार देतं. अणुऊर्जा विभाग, आयसीएमआर, जैवतंत्रज्ञान विभाग देतात. मी सरकारी माणूस आहे, मंजुरीचे कागद कसे चालतात ते जाणतो. योजनेची मुदत तीन वर्षं असते आणि मूल मोठं व्हायला पंधरा लागतात. मधल्या वर्षांत फोन करून रुग्णांची खबर घेणाऱ्या माणसाचा पगार, गाठींचे तुकडे उणे ऐंशी अंशांवर जपणाऱ्या फ्रीजरचं वीजबिल, असल्या बिनमानाच्या खर्चाला कोणी हार घालत नाही. तिथे समाजाचा पैसा लागतो.

आपल्या बैठकीत यावर वाद झाला, तो झाकून ठेवत नाही. आमचे खजिनदार काका म्हणाले, "समोर आजारी पोर असताना मुंबईच्या प्रयोगशाळेला पैसे कशाला? आपला पैसा डोळ्यांना दिसला पाहिजे." काकांचं म्हणणं खोटं नाही. माझ्या भाचीच्या वेळी याच मंडळाने झोळी फिरवली होती, ते मी विसरलेलो नाही. उपचार अर्धवट सोडणारी मुलं हा फार मोठा प्रश्न होता. टाटाच्या बालविभागात २००९ साली शंभरातली वीसेक मुलं उपचार नाकारत किंवा मधेच सोडून जात. राहण्याची, जेवणाची, पैशाची, समुपदेशनाची सोय लावल्यावर काही वर्षांतच ते प्रमाण पाचाच्या खाली आलं. तेव्हा उपचाराची मदत थांबवा असं मी मुळीच म्हणत नाही.

मी एवढंच म्हणतो, की ताईच्या लेकीला जो उपचार मिळाला तो कोणाच्या तरी मुलांवर, कोणाच्या तरी पैशातून शोधलेला होता. त्यांनी आमचं गाव पाहिलेलं नव्हतं. ते ऋण आहे, आणि ते मागे फेडता येत नाही, पुढच्यालाच द्यावं लागतं.

आपल्या महाराष्ट्रात याची रीत जुनी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंड' काढला होता. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा, स्वदेशी धंदे उभे करण्यासाठी. लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिलं. त्या पैशा-पैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला, आणि तिथे काम शिकलेली माणसं पुढे देशभर पसरली. देणाऱ्यांपैकी किती जणांनी ती काच पाहिली असेल?

म्हणून माझी सूचना अशी. उत्सवाच्या शिल्लक रकमेतल्या रुपयामागे दहा पैसे बाजूला काढावेत. बाकीचे नव्वद पूर्वीसारखेच, आजारी माणूस, शाळा, भंडारा यांच्यासाठी. हे दहा पैसे मुलांच्या मेंदूच्या गाठींवरील संशोधनासाठी थेट संस्थेच्या खात्यात द्यावेत, कोणा मध्यस्थाकडे नाही. कशासाठी ते पत्रात स्पष्ट लिहावं, आणि पावती पुढच्या वर्षी याच मंडपात फलकावर लावावी. ज्यांची मुलं मोठ्या कंपन्यांत आहेत त्यांनी तिथेही विचारावं. कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक नफ्याच्या कंपन्यांना दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि सरकारी संशोधन संस्थांना दिलेली रक्कम त्यात धरली जाते. पुष्कळांना हे ठाऊक नसतं.

आणि ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांच्याकडेही देण्यासारखं आहे. घरात असा रुग्ण असेल तर बरं झाल्यावरही तपासणीची तारीख चुकवू नका. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीला तिकीट माफ आहे, सोबत्यालाही मोठी सवलत आहे, दवाखान्याचा दाखला घ्या. मोबाइल नंबर बदलला तर दवाखान्याला कळवा. गाठीचा तुकडा अभ्यासासाठी ठेवू का असं विचारलं, तर घाबरून 'नाही' म्हणू नका, नीट समजून घ्या आणि मग ठरवा.

माझी भाची आज या मंडपात बसली आहे. नाव घेऊ नको म्हणाली आहे, म्हणून घेत नाही. बाप्पाच्या मागचा हा जो पडदा आहे, तो तिनेच शिवलाय. मापं तीनदा घेतली असतील, पण बघा, कुठे सुरकुती आहे का?

खजिनदार काकांनी बैठकीनंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, की निर्णय सर्वसाधारण सभेतच होईल, आणि तेच बरोबर आहे. मी माझ्या घरचे पहिले दहा पैसे, म्हणजे माझ्या वर्गणीचा दहावा हिस्सा, पाकिटात घालून त्यांच्याकडे ठेवले आहेत. सभेने नाही म्हटलं तर परत घेईन आणि स्वतः पाठवीन.



गणपती बाप्पा मोरया!